करंट नाही की पेट्रोल नाही? वर्षानुवर्षं उभी असलेली क्लासिक स्पोर्ट्स कार पकडत नाही तेव्हा

सेल्फ मारला की इंजिन झकास फिरतंय, बॅटरी नवी कोरी, ऑइल बदललंय, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून इंजिन आधी हाताने फिरवून बघितलंय म्हणजे जाम नाहीये हे नक्की, आणि तरी गाडी काही पकडत नाही. दहा-बारा वर्षं कव्हरखाली उभ्या राहिलेल्या गाडीचं हे ठरलेलं नाटक आहे. बाजूला चार जण उभे असतील तर त्यातले तीन जण सांगणार, कार्बोरेटर चोकअप झालाय, खोल.

मी खोलला होता. एकदा नाही, दोनदा, आणि ट्विन कार्बोरेटर असल्यामुळे खरं तर चारदा. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याच्या) पॉइंटवर, म्हणजे त्यातल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर बसलेल्या, धड दिसणारही नाही अशा राखाडी थरात, आणि तो घालवायला बारीक पॉलिश पेपरची बोटभर पट्टी आणि पाच मिनिटं लागली.

घोळ होतो कारण बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, इंजिन फिरतं पण सुरू होत नाही. शिवाय पेट्रोलवर संशय घेणं सोपं जातं, कारण टाकीतलं जुनं पेट्रोल खरंच खराब झालेलं असतं. त्यातला हलका, लवकर उडून जाणारा भाग निघून जातो (थंड इंजिन पकडायला नेमका तोच लागतो), उरलेल्याचा चिकट डिंक होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) बसतो, इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल पण ओढून घेतं, आणि झाकण उघडलं की जुन्या वार्निशसारखा आंबट वास येतो. तो वास आला की निदान झालं असंच सगळ्यांना वाटतं. पण पेट्रोल खराब आहे एवढ्यावरून करंट ठीक आहे हे काही सिद्ध होत नाही, उभ्या गाडीत दोन्ही एकदम गेलेलं असू शकतं.

करंटचं कसं असतं बघा. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून (व्होल्टेज वाढवणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या जोडीतून) बॅटरीचा प्रवाह जातो, पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्यामुळेच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी पडायला आधी पॉइंट नीट मिटायला पाहिजेत. गाडी रोज चालते तेव्हा पॉइंट आपटून आपटून आपोआप साफ राहतात, उभ्या गाडीत त्यांच्यावर ऑक्साइड चढतो आणि मग ते मिटलेले दिसतात पण विजेच्या हिशोबाने उघडेच असतात. गॅप (पॉइंट पूर्ण उघडल्यावरची फट) बघून काही कळत नाही. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या जुन्या लुकास डिस्ट्रिब्युटरला 0.35 ते 0.40 मिलिमीटर गॅप लागतो, तो अगदी बरोबर असला तरी ठिणगी शून्य.

हे पकडायला साधा टेस्ट लँप पुरतो. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं अर्थला (इंजिनच्या उघड्या धातूला), आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. लँप लुकलुकला पाहिजे. सतत पेटूनच राहिला तर पॉइंट मिटत नाहीयेत. अजिबात पेटलाच नाही तर एकतर कॉइलपर्यंत करंट येतच नाहीये किंवा पॉइंट उघडत नाहीयेत, नाहीतर कुठेतरी वायर अर्थ झालीये. कार्बोरेटरचा एक स्क्रू पण न सोडता अर्धा प्रश्न निकालात निघतो, आणि मी हे सगळ्यात शेवटी केलं.

पेट्रोलच्या बाजूने बघायचं तर आठ-दहा सेकंद सेल्फ मारून लगेच प्लग काढून बघा. कोरडा ठक्क असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. ओला आणि वास येतोय म्हणजे पोचतंय, मग करंटकडे वळायचं. पण प्लग जुन्या मेलेल्या पेट्रोलनेही ओला होतो, आणि एकदा चिंब भिजला की करंट चांगला असूनही त्यावर ठिणगी पडत नाही. म्हणून टाकी सोडून द्या, बाहेरच्या छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल जोडा आणि प्लग सुके करून परत लावा, मगच प्लगच्या ओल्या-कोरड्यावर विश्वास ठेवा. जुने रबरी पाइप आधी बदलायचे, ते बोटाने दाबले तर चिरा दिसतात आणि गळणारं पेट्रोल नेमकं गरम सायलेन्सर मॅनिफोल्डवर पडतं. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी पाहिजे, गाडीच्या मागे नाही.

अजून एक पद्धत लोक वापरतात, कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर ताजं पेट्रोल सोडून एअर क्लीनर परत बसवून सेल्फ मारायचा (चमच्याने, डब्यातून ओतायचं नाही, बॅकफायर झाला तर भडका उडतो). दोन सेकंद पेटून बंद पडली तर करंट आहे, पेट्रोलचा पुरवठा नाही. काहीच झालं नाही तर करंट शोधा.

सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो सुरू होऊन बंद पडणाऱ्या गाडीचा, आणि इथे कान लावून ऐकलं पाहिजे. पेट्रोल संपत जातंय अशी गाडी हळूहळू मरते, फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात) होतं तेवढ्यावर दहा-वीस सेकंद चालते, मग अडखळते, कार्बोरेटरमधून फट्‌ फट्‌ करते, चोक ओढला की क्षणभर सावरते आणि मग जाते. करंट गेलेली गाडी बटण दाबल्यासारखी बंद होते, मधला अडखळण्याचा भाग नसतोच. चावी स्टार्टवर असेपर्यंत पेटते आणि सोडल्यासोडल्या बंद, असं होत असेल तर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरणारा रोधक) बघा. डॅटसन 240झेडसारख्या गाड्यांमध्ये चालू इंजिनला कॉइलचा करंट त्यातून जातो आणि सेल्फ मारताना त्याला वळसा घालून पूर्ण व्होल्टेज मिळतं, त्यामुळे तो जळाला तर नेमकं हेच होतं. याला लोक पेट्रोल कमी पडतंय म्हणतात आणि पंप बदलतात.

उलटं पण होतं. चावी सोडतानाच इंजिन पकडतं, सेल्फ चालू असताना नाही. तिथे बॅटरी किंवा अर्थिंग अशक्त असतं, सेल्फ एवढा करंट ओढतो की कॉइलला नीट व्होल्टेजच उरत नाही, आणि सेल्फ थांबला की कॉइलला श्वास मिळतो. उभ्या गाडीत इंजिनची अर्थची पट्टी गंजलेली असणं फार कॉमन आहे, ती घासून घ्या.

प्लग बाहेर काढून ब्लॉकला टेकवून ठिणगी बघतो ना आपण, ती पण फसवते. मोकळ्या हवेत पिवळट बारीक ठिणगी पडली की लोक म्हणतात आहे करंट, पण सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच ठिणगी पडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं आणि ती तिथे मरते. जाड, निळी, कडक आवाज करणारी पाहिजे. पिवळी मरतुकडी असेल आणि पॉइंटवरच जोरात स्पार्किंग दिसत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरचं स्पार्किंग आवरणारा छोटा कॅपॅसिटर) गेलाय. हे बघताना प्लग हातात धरायचा नाही, आणि प्लगच्या भोकांपासून लांब टेकवायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ फेकली जात असते.

आता गंमत अशी की काही गाड्यांत या दोन्ही भानगडी एकाच डब्यात राहतात. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधला एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप पॉइंटवर चालतो, डिस्ट्रिब्युटरसारख्याच, आणि ते पॉइंट पण उभ्याउभ्या ऑक्साइड धरतात. चावी ऑन केली की आधी भराभर टिकटिक आणि फ्लोट चेंबर भरले की गप्प, हा निरोगी पंप. टिकटिक थांबतच नाही तर कुठून तरी हवा ओढतोय किंवा गळतंय किंवा टाकीत काही नाहीये. एकही टिक नाही तर वायर तपासून पंपाच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारा, बहुतेक वेळा जागा होतो (नंतर पॉइंट साफ करायचेच, टिचकीवर प्रवासाला निघू नये). म्हणजे गाडीला पेट्रोल नव्हतं हे खरं, पण कारण करंटचंच.

1969 नंतरच्या बऱ्याच पोर्शे 911 मध्ये मात्र यातल्या काही युक्त्या चालत नाहीत. तिथे कॅपॅसिटर डिस्चार्जचा इग्निशन बॉक्स (कॅपॅसिटरमध्ये साठवलेली वीज कॉइलला एकदम सोडणारा) असतो, चावी ऑन केल्यावर त्याचा बारीक किणकिण आवाज येतो, तो आला की बॉक्सला वीज मिळतेय एवढं कळतं. त्याचं व्होल्टेज जोरदार धक्का देणारं असतं, त्यामुळे कॉइलच्या टर्मिनलला टेस्ट लँप पण लावायचा नाही आणि वायर उघडी करून ठिणगी पण खेळवायची नाही. पुढच्या सालातल्या इंजेक्शनवाल्या 911 ना फ्लोट चेंबरच नाही, तिथे दहा-वीस सेकंदांचा हिशोब लागू पडत नाही.

माझ्या त्या गाडीचं पुढे काय झालं तर, पॉइंट घासले, लँप लुकलुकायला लागला, सेल्फ मारला आणि पहिल्या फटक्यात पकडली. दीड मिनिट ऐकत उभा होतो मी नुसता. मग पेट्रोलचा वास आला आणि मागच्या कार्बोरेटरमधून ओव्हरफ्लो व्हायला लागलं, कारण दुसऱ्यांदा खोलताना त्याच्या फ्लोट चेंबरची नीडल (पेट्रोल बंद करणारी सुई) मी वाकडी बसवली होती.