लिंबाच्या रसात मासा खरंच शिजतो का?

सेविचे हा पेरूच्या किनारपट्टीवरचा दुपारच्या जेवणाचा पदार्थ. ताज्या समुद्री माशाचे तुकडे, मीठ, भरपूर लिंबाचा रस, उभा चिरलेला लाल कांदा, अही लिमो नावाची जहाल मिरची आणि कोथिंबीर. विस्तव लागतो तो फक्त सोबतचं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका उकडायला. तरीही काचेसारखा दिसणारा कच्चा मासा काही मिनिटांत पांढरा आणि घट्ट होतो. लिंबानं मासा शिजला, असं तिथे सर्रास म्हणतात. मिरची त्याच भूमीतली. लिंबू मात्र स्पॅनिशांबरोबर तिकडे गेलं. आपलं कागदी लिंबू, तीच जात.

माशाच्या स्नायूतली प्रथिनं म्हणजे नीट घड्या घातलेल्या लांबच लांब साखळ्या. उष्णता दिली की घड्या उलगडतात, मोकळ्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्या जाळ्यावर प्रकाश विखुरल्यामुळे मासा पांढरा दिसतो. आम्लही घड्या उलगडतं, फक्त वेगळ्या वाटेनं. लिंबाच्या रसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोन-अडीचच्या आसपास असतो, ताज्या माशाचा साडेसहा-सातच्या. रस आत मुरला की प्रथिनांवरचे विद्युतभार बदलतात आणि घडी धरून ठेवणारे बंध सुटतात. दुधात लिंबू पिळल्यावर ते फाटतं, त्याच कुळातली ही करामत आहे.

स्वयंपाक्याचं कसब लागतं ते वेळेत. सामू पाचच्या जवळ आला की स्नायूतल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद सर्वांत कमी होते. तुकडे आकसतात, रस बाहेर टाकतात आणि खडूसारखे लागू लागतात. पूर्वी मासा तासन् तास रसात ठेवत. आता बरेच जण अगदी वाढायच्या आधी लिंबू पिळतात, म्हणजे कड पांढरी होते आणि गाभा कच्चाच राहतो. कच्च्या माशाची ही गोडी लावण्यात १८९९पासून पेरूत स्थायिक होत गेलेल्या जपानी लोकांचा मोठा वाटा आहे. माझं मत विचाराल तर नवी पद्धतच बरी. लिंबू चेपून चेपून पिळायचं नाही, हा तिथला आणखी एक दंडक. सालीतलं तेल आणि सालीखालच्या पांढऱ्या थराचा कडूपणा रसात उतरतो, म्हणून.

भांड्यात खाली उरणाऱ्या गढूळ पांढुरक्या रसाला लेचे दे तिग्रे, म्हणजे वाघाचं दूध, म्हणतात. तो गढूळपणा मीठ आणि आम्लानं माशातून सुटलेल्या प्रथिनांचा. रस पेल्यात घालून वेगळाही देतात.

लिंबू माशाचा वासही मारतं. समुद्री मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्यात ट्रायमिथिलअमीन तयार करतात. नाकाला झोंबतं ते हेच. आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार बनतो, आणि क्षार हवेत उडत नाही. कोकणात मासळीला आगळ किंवा लिंबू लावतात, त्यामागेही हेच रसायन आहे. यात एक गोम आहे: शिळेपणाची खूण पुसली जाते, शिळेपणा नाही.

मग जंतूंचं काय? जानेवारी १९९१मध्ये पेरूत कॉलऱ्याची साथ आली आणि त्या वर्षात तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले. संशय सेविचेवर गेला, मासेमारांचा धंदा बसला. त्रुहियो शहरातल्या तपासात मात्र न उकळलेलं पाणी हे मोठं कारण निघालं. कॉलऱ्याच्या जिवाणूला आम्ल सोसत नाही, त्यामुळे लिंबानं खरं तर थोडंफार संरक्षणच दिलं असणार.

सगळेच जीव इतके नाजूक नसतात. साल्मोनेलासारखे जिवाणू थोडा वेळ आम्लात तग धरतात. माशातल्या परजीवी अळ्यांना तर लिंबाचं फारसं काहीच वाटत नाही. पेरूच्या किनाऱ्यावर पट्टकृमीची एक जात आहे. तिचं मूळ घर सी-लायनच्या आतड्यात, पण कच्च्या माशातून ती माणसातही येते. अशा परजीवींवर उपाय कडाक्याच्या थंडीचा: उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा मासा उणे ३५ अंशांना गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो आणि दार उघडलं की आणखी चढतो. तेव्हा घरी सेविचे करायचा बेत असेल तर अशा थंडीत गोठवलेला मासा विकत आणावा, नाहीतर तुकडे उकळत्या पाण्यातून नीट शिजवून काढावेत आणि मग लिंबू पिळावं.