एचआयव्हीचं कवच आणि संयमाचा उपदेश

‘सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन घेतलं की एचआयव्ही होणार नाही? मग लोकांना धरबंधच राहणार नाही!’ जून २०२५ मध्ये लेनाकापाविर या इंजेक्शनला अमेरिकेत प्रतिबंधक औषध म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून कानावर येतंय. कॉन्डोमबद्दलही हेच म्हटलं गेलं होतं, आणि तो वाद सगळ्यात कडवा झाला तो आफ्रिकेत.

युगांडानं या रोगाबद्दल लवकर तोंड उघडलं. १९८९ मध्ये फिली लुटाया या लोकप्रिय गायकानं आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं. नव्वदच्या दशकात तिथली लागण उतरली. लोकांनी जोडीदार कमी केले होते, कॉन्डोम वापरले होते, आणि घरोघरी मृत्यू पाहिले होते. अमेरिकेतल्या धार्मिक गटांनी त्यातला फक्त संयम उचलला. २००३ मध्ये अमेरिकेनं एड्सविरोधी निधीची मोठी योजना आणली, तेव्हा प्रतिबंधाच्या पैशांतला तिसरा हिस्सा ‘लग्नापर्यंत ब्रह्मचर्य’ या प्रचारासाठी राखून ठेवायची अट कायद्यात घातली गेली. संयमाच्या प्रचारावर १ अब्ज ४० कोटी डॉलरांहून जास्त खर्च झाल्यानंतर, २०१६ मध्ये २२ देशांची आकडेवारी तपासली गेली. लोकांच्या वागण्यात त्यामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही.

धर्म म्हणजे एकच आवाज नव्हे, हेही सांगायला हवं. युगांडातलेच अँग्लिकन धर्मगुरू गिडिऑन ब्यामुगिशा यांनी १९९२ मध्ये स्वतःला एचआयव्ही असल्याचं उघड सांगितलं आणि कलंकाविरुद्ध काम उभं केलं. दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गचे कॅथलिक बिशप केविन डाउलिंग प्लॅटिनमच्या खाणींजवळच्या झोपडपट्ट्यांत जात. पोटासाठी शरीर विकणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या आणि २००१ मध्ये आपल्याच चर्चच्या भूमिकेविरुद्ध कॉन्डोमची बाजू घेतली. उलट व्हॅटिकनचे कार्डिनल लोपेझ त्रुहियो यांनी २००३ मध्ये बीबीसीला सांगितलं की विषाणू कॉन्डोमच्या लॅटेक्समधून, म्हणजे रबरातून, आरपार जातो. ही निव्वळ थाप होती. अखंड लॅटेक्स त्या आकाराचे कणही अडवतं, हे प्रयोगशाळेत तपासलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्री तर लसूण आणि बीट खायला सांगत होत्या. तिथल्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’च्या कार्यकर्त्यांना आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं औषध २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयापर्यंत लढून मिळवावं लागलं.

आता लेनाकापाविर काय करतं ते पाहू, कारण ते फार सुंदर आहे.

विषाणूच्या मेदाच्या आवरणाखाली शंकूच्या आकाराची एक कुपी असते, कॅप्सिड. तिच्यात आरएनएच्या दोन प्रती आणि मोजकी विकरं. ही कुपी एकाच प्रथिनाच्या साधारण दीड हजार प्रतींनी रचलेली असते. सहा-सहा प्रती जुळून षटकोन होतात, सुमारे अडीचशे. पण नुसत्या षटकोनांची सपाट जाळी होईल किंवा फार तर नळी; बंद कुपी कधीच होणार नाही. त्यासाठी बरोबर बारा पंचकोन लागतात, अकरा नाही की तेरा नाही. अठराव्या शतकातल्या ऑयलरच्या सूत्रातून हे निघतं. काळ्यापांढऱ्या फुटबॉलवरचे काळे तुकडे मोजा, बाराच भरतील. एचआयव्ही त्यातले सात रुंद टोकाला आणि पाच निमुळत्या टोकाला बसवतो, म्हणून शंकू.

पेशीत शिरल्यावर ही कुपी आतल्या आरएनएला पेशीच्या संरक्षक यंत्रणेपासून लपवते. षटकोनांच्या मधल्या छिद्रांतून न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएचे सुटे घटक, आत घेते, आणि आरएनएवरून डीएनए तयार होत असतानाच केंद्रकाकडे सरकते. केंद्रकाच्या रंध्रातून ती अखंड आत जाऊ शकते, हे अगदी अलीकडे दिसलं. पूर्वी वाटायचं की ती बाहेरच विरघळते. रंध्रातलं नप-१५३ आणि केंद्रकातलं सीपीएसएफ-६ ही आपलीच प्रथिनं कुपीवरच्या एका खोबणीत अडकून तिला पुढे नेतात. शेजारच्या दोन प्रथिनांमधली ही खोबण लेनाकापाविर अडवून बसतं. शिवाय त्यामुळे षटकोनांची जाळी ताठ होते, कुपीला तडे जातात, आणि विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत घुसू शकत नाही. औषध पाण्यात अतिशय सावकाश विरघळतं, म्हणून पोटाच्या कातडीखाली दिलेला साठा सहा महिने पुरतो.

याला लस म्हणू नये. ते प्रतिकारशक्तीला काही शिकवत नाही, औषध संपलं की संरक्षण संपलं. सिफिलिस किंवा गर्भधारणाही त्यानं टळत नाही, त्यामुळे कॉन्डोमची गरज उरतेच.

दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवर झालेल्या चाचणीत इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोज ट्रुवाडा ही जुनी प्रतिबंधक गोळी दिलेल्या १०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. गोळी कुचकामी नव्हती, बहुतेकींनी ती नियमित घेतली नव्हती. गोळ्यांची बाटली पर्समध्ये खुळखुळते, जोडीदाराच्या हाती लागते, आणि मग ‘तुला हे कशाला लागतं?’ हा प्रश्न येतो. संयमाच्या उपदेशात अशा मुलीला जागाच नाही. ती एकनिष्ठ असेलही, पण जोडीदाराच्या निष्ठेवर तिचा ताबा नाही, त्यानं कॉन्डोम वापरण्यावरही नाही. इंजेक्शन मात्र कुणालाही न विचारता, न दाखवता घेता येतं. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांच्या वादात हाच मुद्दा सगळ्यात कमी ऐकला गेला.

अमेरिकेत या औषधाचा वर्षाचा खर्च २८ हजार डॉलरांहून जास्त आहे. पुण्याच्या एमक्युअरसह सहा कंपन्यांना १२० देशांसाठी जेनेरिक बनवायचा परवाना मिळालाय, आणि २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरांत देण्याची घोषणाही झाली आहे. पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारनं परदेशी मदतीला कात्री लावली, तेव्हा प्रतिबंधक औषधांना त्या कपातीतून दिलेली सूट फक्त गरोदर आणि स्तनदा मातांपुरती ठेवली. देहविक्रय करणाऱ्या बायका, समलिंगी पुरुष, लग्न न झालेल्या मुली त्या यादीबाहेर राहिल्या, आणि लागणीचा सगळ्यात जास्त धोका यांच्यातच आहे.