पेन्सिलीएवढ्या सापाची पेटी

जूनमध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरीतून भाच्याचा फोन आला. "मामा, उद्यमनगरात ॲल्युमिनियमची पेटी करून देणारा कोण ओळखीचा हाय का? तीन फुटी पाहिजे, पुढनं सरकत्या काचा." पेटी कशाला, तर कॉर्न स्नेकच्या पिल्लाला. पिल्लू जेमतेम वीतभर, शिसपेन्सिलीएवढं जाड. त्याच्या आईच्या कानावर हे अजून गेलं नव्हतं, पण तो विषय वेगळा.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. धामण, दिवड, मांडूळ, अजगर हे आपले साप घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पंचगंगेच्या घाटावर सापडलेलं पिल्लू बरणीत घालून घरी आणायचं नाही, सर्पमित्राला बोलवायचं. बॉल पायथनसारख्या काही परदेशी सापांना वनखात्याकडे नोंदणी लागते. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी. मक्याच्या कणगीजवळ उंदरांच्या मागे यायचा म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. पोटावरची नक्षीही मक्याच्या कणसासारखीच दिसते.

उद्यमनगरातल्या कारागिराने काम झकास केलं. रिव्हेट एका रेषेत, कोपरे घासलेले. "मासे सोडणार की कोंबडीची पिल्लं?" एवढंच त्याने विचारलं. आम्ही तळाच्या पत्र्याखाली एका टोकाला उबेची चटई चिकटवली आणि दोन टोकांना दोन थर्मामीटर ठेवले. साप यायला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी उबदार टोक २६ अंश, थंड टोक साडेचोवीस. चटई रात्रभर चालू होती, मग ऊब गेली कुठे?

पत्र्याने पळवली. ॲल्युमिनियम प्लायवुडपेक्षा हजारपटीहून जास्त सहज उष्णता वाहून नेतं. एका टोकाला दिलेली ऊब तळभर पसरली, चौकटीत शिरली आणि तिथून खोलीत. पातेल्यासाठी हा गुण, सापाच्या पेटीसाठी दोष. धातूचा तळ सुचवला होता मी, धुवायला बरा म्हणून.

सापाला शीतरक्ताचा म्हणतात, पण दुपारी उन्हात बसलेल्या सापाचं रक्त आपल्याइतकं गरम असू शकतं. फरक एवढाच, की आपण ऊब अन्न जाळून आतून तयार करतो आणि साप ती जागेकडून घेतो. गरम हवं तर इकडे सरकायचं, निवायचं तर तिकडे. पेटीत दोन तापमानं नसतील तर सरकून उपयोग काय? त्यामुळे पेटी विकत घेताना सापाच्या शरीराचा अर्धा कारभारच आपण विकत घेत असतो. कॉर्न स्नेकला एका टोकाला साधारण ३० अंश आणि दुसऱ्या टोकाला २३-२४ लागतात.

खाल्ल्यानंतर हे सगळ्यात जास्त जाणवतं. ब्रह्मी अजगराने मोठी शिकार गिळली की दोन दिवसांत त्याच्या हृदयाचं वस्तुमान ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं मोजलं गेलं आहे, इतकं पचन हे शरीराला जड काम. कॉर्न स्नेकचं पिल्लू उंदराचं गुलाबी पिल्लू गिळून उबेला जाऊन पडतं. ऊब मिळाली नाही तर अन्न पोटात पचण्याऐवजी कुजायला लागतं आणि साप ते ओकून टाकतो. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो. अशा वेळी नुसत्या खोलीच्या भरवशावर राहून चालत नाही.

पिल्लाची अडचण आणखी वेगळी. ३० सेंटिमीटरचं पिल्लू त्याच ठेवणीने १२० सेंटिमीटरचं झालं तर कातडीचं क्षेत्रफळ १६ पट वाढतं, पण वजन ६४ पट. म्हणजे दर ग्रॅममागे पिल्लाची कातडी मोठ्या सापाच्या चौपट असते. ते लवकर गार पडतं आणि लवकर सुकतं. मोठा साप रेटून नेईल ती चूक पिल्लाला भोवते.

"एवढ्याशा सापाला तीन फूट? घाबरेल की!" असं भाच्याला कुणीतरी सांगितलं होतं. पण पिल्लू लांबीला घाबरत नाही, उघड्यावर पडण्याला घाबरतं. दोन्ही टोकांना अंगाला चारी बाजूंनी टेकेल अशी घट्ट लपणी ठेवली, मध्ये वाळकी पानं आणि फांद्या टाकल्या, की मोठी पेटीही चालते. लपण दोन्हीकडे हवंच. एकच ठेवलं तर लपायचं की ऊब घ्यायची, यातलं एकच काहीतरी पिल्लाला निवडावं लागतं. आणि पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, काचेमागे एप्रिलमधली तिसऱ्या प्रहरची वेळ म्हणजे भट्टी.

शेवटी तळ आणि बाजू १२ मिलिमीटर प्लायवुडच्या केल्या. लाकडातून खालची ऊब वर येईना, म्हणून एका टोकाला वर, जाळीच्या आड सिरॅमिक हीटर बसवला, थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप बंद होणाऱ्या बटणावर. थर्मोस्टॅटशिवाय कुठलाच हीटर नको, साप भाजेपर्यंत तिथेच पडून राहिल्याची उदाहरणं आहेत. हवेची भोकं थंड टोकाला खाली, गरम टोकाला वर, म्हणजे हवा आपोआप फिरते. जुलैच्या झडीत इथे आत पाणी फवारावं लागत नाही, उलट तळाला अंथरलेला कागद ओला राहिला तर पोटाचे खवले सडतात. उन्हाळ्यात मात्र ओल्या शेवाळाची छोटी डबी ठेवावी, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

राहिली पेन्सिल. दोन सरकत्या काचा जिथे एकमेकींवरून जातात तिथे फट असते. मी पेन्सिलीचं टोक त्यात घातलं, ते अलगद आत गेलं. सापाचं डोकं जिथून जातं तिथून बाकीचा साप जातोच. कारागिराकडे परत गेलो, त्याने फटीत रबरी बीडिंग ठोकलं. "मासे फटीतनं कशाला बाहेर पडतील ओ?" त्याने विचारलं. भाच्याने खरं काय ते सांगितलं. त्याने न बोलता बीडिंगचा आणखी एक तुकडा कापला आणि वरच्या झाकणालाही लावला.