पार्श्वभूमी : काम होतं, पगार नव्हता

सोलापूरच्या पूर्व भागात बोळाबोळांत चादरी-टॉवेलचे कारखाने घरांना चिकटून उभे आहेत. तिथल्या बौद्धिक दिव्यांगता (पूर्वीचा शब्द मतिमंदत्व) असलेल्या माणसाला काम मिळत नाही, असं म्हणणं अर्धंच खरं आहे. काम त्याच्या वाट्याला येतंच: कांड्या भर, सुताची पोती उचल, टॉवेलच्या घड्या घालून गठ्ठे बांध. मिळत नाही तो पगार. घरच्या मागावर राबणाऱ्याला जेवण मिळतं, सणाला नवा शर्ट मिळतो, पण हिशेबाच्या वहीत त्याचं नाव नसतं. याच माणसाला बाहेर ठरलेल्या पगारावर लावायचं आणि तिथे टिकवायचं म्हटलं की घोडं अडतं. ते का अडतं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

१८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली. मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. या गिरण्या एकेक करत बंद पडल्या, पण नगावर मजुरी मोजण्याची रीत यंत्रमागात ठाण मांडून राहिली. विडीचंही तेच, हजार विड्यांमागे दर. ही रीत सावकाश शिकणाऱ्याच्या मुळावर येते. सुरुवातीला त्याच्या हातून निम्मंच काम होणार, म्हणजे पैसाही निम्माच. शिवाय जागा अडवली म्हणून कारखानदाराची कुरकुर. चार महिन्यांनी तोच माणूस इतरांच्या बरोबरीने घड्या घालू शकला असता. पण तितके दिवस त्याला कुणी ठेवतच नाही.

कायद्याचाही आधार नव्हता. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम २६ होतं. अपंग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू होणार नाही, असा आदेश काढायची मुभा त्यात सरकारला होती. वेड आणि मंदबुद्धी यांची सरमिसळ तर कितीतरी काळ चालली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्वाला मनोरुग्णाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलं. सरकारी नोकऱ्यांत १९७७ पासून ३ टक्के जागा राखीव झाल्या, पण त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांसाठी. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने बौद्धिक दिव्यांगतेला व्याख्येत घेतलं आणि नोकरीतल्या आरक्षणातून मात्र बाहेर ठेवलं. पंगतीला बोलावून पान न वाढण्यातलाच हा प्रकार.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाचा प्रश्न हाती घेतला. आमच्यानंतर याचं कसं होणार, हा आईबापांचा घोर त्यामागे होता. कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या आल्या. कमाईचा विचार त्यात दुय्यमच राहिला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरक्षण ४ टक्के केलं आणि त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगता या सगळ्यांना मिळून दिला. वाचन-लेखनात अडखळणारा पण पदवीपर्यंत पोचलेला उमेदवार आणि पैसे मोजायला मदत लागणारा उमेदवार एकाच जागेसाठी उभे राहिले, तर ती जागा कुणाला जाईल हे सांगायला नको. त्यातून जाहिरातीत दहावी-बारावीची अट असली, तर दुसऱ्याचा अर्जच जात नाही.

प्रशिक्षणाची वाट वेगळी होती. १९८४ मध्ये सिकंदराबादला मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. शाळांना अनुदान आलं, पण ते अठराव्या वर्षापर्यंत. पुढे संरक्षित कार्यशाळा, म्हणजे फक्त दिव्यांगांसाठी चालवलेली कामाची जागा. तिथे मेणबत्त्या, पणत्या, राख्या, कागदी पिशव्या बनवतात. विक्री दिवाळीला आणि हातावर पडतं ते मानधन. या कार्यशाळांनी घरात कोंडलेल्यांना बाहेर काढलं, ते श्रेय त्यांचंच. पण टॉवेलच्या गावात मेणबत्तीच का शिकवायची, हे मला कधी कळलेलं नाही.

आधी शिकवा, तयार झाला की नोकरीला पाठवा, या क्रमालाच अमेरिकेत धक्का बसला. मार्क गोल्ड या संशोधकाने सत्तरच्या दशकात तीव्र बौद्धिक दिव्यांगता असलेल्यांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. काम बारीक टप्प्यांत तोडायचं, एकेक टप्पा पक्का करायचा, जमलं नाही तर शिकवण्याची तऱ्हा बदलायची. त्यातूनच पुढे उलटा क्रम रुजला: आधी खऱ्या जागी खरी नोकरी, मग तिथेच शिकवणं. सोबतीला एक मार्गदर्शक, तो हळूहळू मागे सरकणार. १९८६ मध्ये तिथल्या संघराज्य कायद्याने या पद्धतीसाठी राज्यांना वेगळा निधी दिला.

आपल्याकडे या सोबत्यासाठीच पैसा नाही. केंद्राने २००८ मध्ये खासगी मालकांसाठी योजना आणली: दिव्यांग कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीतला (पीएफ) आणि कर्मचारी राज्य विम्यातला मालकाचा हिस्सा तीन वर्षं सरकार भरेल. पण ज्या कारखान्यात कुणाचाच पीएफ कापला जात नाही, तिथे या सवलतीचं काय करायचं? कारखानदाराला हवा असतो पहिल्या दोन-तीन महिन्यांत शेजारी उभा राहणारा माणूस. मुकादम बदलला, माल बदलला, घडीची पद्धत बदलली की त्याने पुन्हा यायला हवं. नोकरी अशाच वेळी सुटते.

आणि घरच्यांची भीती. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कित्येक वर्षं ५०,००० रुपये राहिली. महिना पाच हजारांची नोकरी म्हणजे वर्षाला साठ हजार, म्हणजे अनुदान बंद. नोकरी सुटली तर ते परत सुरू करायला तलाठ्याचा दाखला, तहसीलचे हेलपाटे. असा हिशेब मांडून मुलाला घरच्याच मागावर बसवणाऱ्या आईला दोष कसा द्यायचा?