मूकपटाची गती कोणी ठरवायची?

मूकपटासमोर बसून थेट वाजवायचे नवे संगीत, जोडीला लॅपटॉपमधले ध्वनी. आजचे अनेक पाश्चात्त्य रचनाकार याच वाटेने सिनेमाकडे येतात. त्यांना 'समकालीन शास्त्रीय' म्हटले की आपल्याला रागदारी आठवते. इथे अर्थ आहे तो स्वरलिपीत लिहून काढलेल्या संगीताचा.

पडदा मुका असला तरी थिएटर कधीच मुके नव्हते. आपल्याकडे पडद्याखाली पेटी-तबला असे. पॅरिसमध्ये 1908 मध्येच एका नामवंत संगीतकाराने लघुपटासाठी स्वतंत्र संगीत लिहिले.

खरा वाद गतीचा. कॅमेरा हाताने फिरवत, साधारण सेकंदाला 16 ते 20 फ्रेम (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रे), आणि तीही गती प्रसंगागणिक बदले. साथीदार पडद्याकडे बघत लय सांभाळत. बोलपट आला तशी गती 24 वर बांधली गेली, कारण फिल्मच्या कडेला छापलेला आवाज गती जराशी हलली तरी बेसूर होतो. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात. म्हणजे 1000 फुटांचे रीळ 16 च्या गतीने 16 मिनिटे 40 सेकंद चालते, 24 ने जेमतेम 11 मिनिटे. मधली साडेपाच मिनिटे नटांच्या चालण्यातून, वळण्यातून, थांबण्यातून कापली जातात. जुन्या सिनेमातली माणसे तुरुतुरु पळतात हा समज त्यातूनच पसरला, आणि किती गंभीर काम हसण्यावारी गेले.

संगीतकाराला 24 सोयीचे पडते. दर 12 फ्रेमला एक ठोका, म्हणजे मिनिटाला 120. कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे ठरलेल्या लयीतली टकटक, लावला की वादक आणि चित्र एकमेकांना सोडत नाहीत. 16 ची फिल्म 24 वर नेताना दर दुसरी फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि हालचाल अडखळते. मूळ गती 18 असली तर दर तिसरी फ्रेम दोनदा. काही रचनाकार म्हणूनच क्लिक काढून टाकतात आणि लॅपटॉपला वादकांच्या मागे चालवतात. मला हेच बरोबर वाटते. आधी चित्राची चाल बघावी, मग लय बांधावी.

संगीताची यंत्रे पुढे झपाट्याने बदलली. 1948 मध्ये पॅरिसच्या रेडिओवर रेकॉर्ड केलेल्या आवाजांतूनच रचना झाल्या. 1969 मध्ये अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर ध्वनी घडवणारे वाद्य, आला. 1983 पासून मिडी या सामायिक संकेतपद्धतीमुळे वाद्य आणि संगणक एका भाषेत बोलू लागले. आज लॅपटॉप वादकाचा ठोका ऐकून स्वतःची गती बदलू शकतो. पेटी-तबलावाले डोळ्यांनी करत तेच.

नाशिकसाठी हा प्रश्न घरचा आहे. 1919 चा 'कालिया मर्दन' हा मूकपट इथल्याच कंपनीचा. सुरुवातीला कृष्ण झालेल्या लहान मुलीचा चेहरा पडदाभर असतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. 24 च्या गतीने ते भाव नुसते लखलखून जातात. 16 च्या आसपास आणले, तर एक भाव मावळून दुसरा उगवेपर्यंत एखादा स्वर लावून ठेवण्याइतकी जागा मिळते.