मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रायव्हसी जपणारा ब्राउझर

डेबियन, फेडोरा, ट्रिस्केल किंवा फ्रीबीएसडी अशा मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर वेब बघण्यासाठी असा ब्राउझर निवडायला हवा, की ज्याचा सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम) मुक्त लायसन्सखाली आहे आणि जो वापरणाऱ्याची माहिती गुपचूप बाहेर पाठवत नाही. या दोन अटी वेगवेगळ्या आहेत, पण बरेच जण त्या एकच धरून चालतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मुक्त म्हणजे फुकट नव्हे हे आता लोकांना पाठ झालंय, पण मुक्त म्हणजे आपोआप प्रायव्हेट असंही नाही, कारण लायसन्स कोड वाचायचा, बदलायचा, वाटायचा हक्क देतं, तो कोड चालू झाल्यावर कुणाकुणाशी बोलतो यावर लायसन्सचा काहीच ताबा नसतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१५ सालचं. क्रोमियम हा गूगलच्या क्रोमचा मुक्त भाऊ, डेबियनच्या रेपोमधून (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यातून) रीतसर येणारा. त्याची ४३ नंबरची आवृत्ती आली आणि लोकांच्या लक्षात आलं की हा न विचारता गूगलकडून एक बायनरी मॉड्यूल (फक्त मशीनला कळणारा तयार तुकडा) उतरवून घेतोय, माइकवरून ‘ओके गूगल’ ऐकण्यासाठीचं, ज्याचा सोर्स कुठेच नाही. गूगलचं म्हणणं पडलं की वापरणाऱ्याने स्वतः चालू केल्याशिवाय ते ऐकत नाही, असेल तसं, पण पॅकेज मुक्त म्हणून घेतलं आणि आतून बंद कोड आला हे कुणालाच पटलं नाही, नंतर तो भाग क्रोमियममधून काढला गेला. २०२१ मध्ये गूगलने डिस्ट्रोंच्या (डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या तयार संचांच्या) क्रोमियम बिल्डला सिंकसारख्या आपल्या सेवा वापरू देणं बंद केलं तेव्हा आरडाओरडा झाला, पण प्रायव्हसीच्या बाजूने बघितलं तर ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

आज ब्राउझरची इंजिनं (वेबपान प्रत्यक्ष मांडून दाखवणारा आतला भाग) मुख्यतः तीन, फायरफॉक्सचं गेको, क्रोमियमचं ब्लिंक आणि सफारीवालं वेबकिट. गंमत अशी की वेबकिटचा उगम केडीई डेस्कटॉपच्या कॉन्करर ब्राउझरमधल्या केएचटीएमएलमध्ये आहे, अॅपलने ते उचललं, २००३ मध्ये सफारी आणला, पुढे गूगलने २०१३ मध्ये वेबकिटमधून ब्लिंक वेगळं काढलं, म्हणजे ज्याच्यापासून लांब पळायचं म्हणतो त्याची मुळं आपल्याच अंगणात निघाली. इंजिनाचा फरक प्रायव्हसीला कुठे लागतो तर अॅड ब्लॉकरला. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही थ्री ही नवी नियमावली आणून एक्स्टेंशनला प्रत्येक रिक्वेस्ट मधल्या मधे अडवायची मुभा काढून घेतली, त्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हा अॅड ब्लॉकर पूर्ण ताकदीने तिथे चालत नाही, लाइट आवृत्तीवर भागवावं लागतं. फायरफॉक्सने ती मुभा ठेवली. माझ्या मते गेकोकडे झुकायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

म्हणून फायरफॉक्स धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र समजू नये. २०२२ पासून टोटल कुकी प्रोटेक्शन सगळ्यांना आपोआप चालू आहे, प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात राहतात, हे काम खरंच चांगलं. पण फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या कमाईचा मोठा वाटा गूगलला डिफॉल्ट सर्च इंजिन ठेवल्याबद्दल मिळतो, टेलिमेट्री (वापराची माहिती मोझिलाकडे पाठवणं) मुळातच चालू येते, २०२४ मध्ये १२८ व्या आवृत्तीत जाहिरातींची मोजदाद करणारं एक फीचर न विचारता चालू करून दिलं होतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत फायरफॉक्सला वापराच्या अटी आणल्या तेव्हा ‘आम्ही तुमचा डेटा विकत नाही’ हे वाक्यच साइटवरून गायब झालं म्हणून पुन्हा गदारोळ. यातलं बहुतेक सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. पण मुळात ते चालू का असावं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याच प्रश्नातून फायरफॉक्सचे इतके फोर्क (त्याचाच कोड घेऊन काढलेले वेगळे ब्राउझर) निघाले.

नवीन प्रोफाइल उघडून एकदा वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) लावून बघा, पत्त्याच्या पट्टीत एक अक्षरही टाइप करायच्या आधी फायरफॉक्सने कितीतरी ठिकाणी फोन फिरवलेले असतात. एक डिटेक्टपोर्टल नावाच्या पत्त्यावर, तुमचं वायफाय लॉगिन पान मागतंय का हे बघायला. एक सेटिंगच्या याद्या आणायला, एक पुश नोटिफिकेशनच्या सर्व्हरला, एक फसव्या साइटींची यादी आणायला. यातलं सगळंच हेरगिरी नाही हे समजून घ्यायला पाहिजे, फसव्या साइटींच्या यादीत हॅशचे (पत्त्यापासून गणिताने काढलेल्या खुणेचे) फक्त पहिले तुकडे येतात आणि जुळवाजुळव तुमच्याच मशीनवर होते, तुम्ही कुठली पानं बघता ते सरसकट पाठवलं जात नाही. तरी ती यादी गूगलची म्हणून लिब्रवुल्फ ती मुळातच बंद ठेवतो. लिब्रवुल्फ म्हणजे टेलिमेट्री काढलेला, यूब्लॉक ओरिजिन सोबत आलेला फायरफॉक्स, बंद केला की कुकीज पुसणारा, त्यामुळे रोज लॉगिन करायला लागतं आणि पहिल्या आठवड्यात माणूस वैतागतो. शिवाय ओळख लपवण्यासाठी तो टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सांगतो, म्हणून वेबवरच्या कॅलेंडरमध्ये मीटिंगची वेळ भलतीच दिसते आणि कॅलेंडरच बिघडलंय असं वाटत राहतं. क्रोमियमच्या बाजूला असंच काम अनगूगल्ड क्रोमियम करतो, तो तर कोडमधले गूगलचे पत्तेच अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांनी बदलून टाकतो, म्हणजे एखादी रिक्वेस्ट नजरेतून सुटलीच तरी ती कुठे पोचू नये.

आता खरा अवघड भाग, फिंगरप्रिंटिंग. कुकी न ठेवता नुसत्या स्क्रीनच्या मापावरून, फॉन्टवरून, ग्राफिक्स कार्डवरून, टाइमझोनवरून ब्राउझर ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये पॅनॉप्टिक्लिक नावाचा प्रयोग केला, त्यात ४,७०,१६१ ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. लिनक्सवाल्याची इथे आधीच पंचाईत, कारण डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे मुळात थोडे, त्यात डिस्ट्रोचे स्वतःचे फॉन्ट, त्यात खिडक्या फरश्यांसारख्या शेजारी शेजारी मांडणाऱ्या टायलिंग विंडो मॅनेजरमुळे खिडकीचं माप ८३७ बाय ६११ असलं काहीतरी. आणि प्रायव्हसीच्या नादात जेवढी एक्स्टेंशनं घालाल, अबाउट:कॉन्फिगमध्ये (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या पानावर) जेवढी बटणं फिरवाल तेवढे तुम्ही गर्दीतून जास्त उठून दिसता. टॉर नेटवर्कमधून (जे तुमचा पत्ता लपवायला रिक्वेस्ट अनेक मशीनवरून फिरवतं) वेब दाखवणाऱ्या टॉर ब्राउझरची विचारसरणी बरोबर उलटी आहे, सगळ्यांनी सारखं दिसायचं. तो खिडकीतलं पान २०० बाय १०० पिक्सेलच्या पटीत बसवतो आणि उरलेली जागा रिकाम्या पट्ट्या म्हणून सोडतो, नवीन माणसाला वाटतं ग्राफिक्स ड्रायव्हर गंडला. त्या पट्ट्या घालवायला सेटिंग शोधू नका, त्या आहेत म्हणूनच तुमचं विचित्र माप साइटला कळत नाही. २०२३ मध्ये टॉर प्रोजेक्ट आणि मुलवाड या व्हीपीएन कंपनीने मिळून मुलवाड ब्राउझर काढला, आतलं सगळं टॉर ब्राउझरसारखं, फक्त टॉर नेटवर्क नाही. या दोन्हींत स्वतःचं एक्स्टेंशन घालायचं नाही.

नावांचा गोंधळ वेगळाच. मोझिलाच्या ट्रेडमार्कवरून डेबियनचं वाजलं आणि २००६ पासून २०१६ पर्यंत तिथे फायरफॉक्स आइसवीझल या नावाने यायचा. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा आइसकॅट आणि ट्रिस्केलचा एब्राउझर हेही फायरफॉक्सचेच अवतार. आइसकॅटमध्ये लिब्रेजेएस असतं, ते लायसन्स न सांगणारी जावास्क्रिप्ट अडवतं, तत्त्वाला एकदम धरून आहे पण अर्धं वेब कोरं दिसतं.

फोर्क घेताना मुख्य गोष्ट बघायची ती अपडेटची. फायरफॉक्समधलं सुरक्षेचं एखादं भगदाड बुजवल्याचा पॅच (दुरुस्तीचा कोड) जाहीर झाला की ते भगदाड कुठे होतं तेही सगळ्यांना कळतं, आणि फोर्क त्यानंतर दोन दिवसांनी आला काय नि तीन आठवड्यांनी आला काय, मधला काळ तुम्ही उघड्यावर असता. म्हणून रिलीजच्या तारखा मूळ फायरफॉक्सच्या तारखांशी ताडून बघाव्यात, वेबसाइटवरची वचनं नंतर वाचावीत. एकट्या माणसाने हौसेने चालवलेला फोर्क कितीही गोड वाटला तरी बँकेच्या कामाला मी तो वापरणार नाही.

ब्रेव्ह मुक्त लायसन्सखाली आहे, ब्लॉकर आतच येतो, पण क्रिप्टोचा पसारा सोबत येतो आणि २०२० मध्ये पत्ता टाइप करताना स्वतःच्या रेफरल लिंक (ज्यातून आलेल्या माणसामागे कमिशन मिळतं) जोडत असल्याचं उघड झालं होतं, ते लोक अजून विसरलेले नाहीत. विवाल्डीचा दर्शनी भागाचा कोड बंद आहे, म्हणून इथे तो बसत नाही. ग्नोमचा वेब आणि केडीईचा फाल्कन साधे, हलके आहेत. सशुल्क व्हिडिओ सेवांसाठी लागणारं वाइडवाइन (व्हिडिओची कॉपी होऊ न देणारा गूगलचा भाग) हे बंद बायनरीच आहे, कुठल्याही मुक्त ब्राउझरमध्ये ते आलं की मुक्तपणाला तेवढं भोक पडतं. ज्यांना सिनेमे बघायचेच आहेत ते त्यासाठी अबाउट:प्रोफाइल्समध्ये वेगळं प्रोफाइल करतात, वाइडवाइन फक्त तिथे चालू ठेवतात, आणि दोन खिडक्यांत गल्लत होऊ नये म्हणून त्या प्रोफाइलला भडक लाल थीम लावून ठेवतात.