पार्श्वभूमी: ‘ऑटोपायलट’वर चालणाऱ्या दिवसांचे लघुपट

गजर, टूथब्रश, कॉफीचा मग, लिफ्ट, संगणकाचा पडदा, पुन्हा गजर. संवाद जवळपास नाहीत. दिवस तीनदा फिरतो आणि चौथ्या फेरीत कुठेतरी अडतो. ऑटोपायलटवर, म्हणजे लक्ष न देता निव्वळ सवयीने जगण्याविषयीचे लघुपट सध्या इतके येतात की ही मांडणी कधीपासूनचीच आहे असं वाटावं. प्रत्यक्षात तिचे बहुतेक भाग गेल्या पन्नासेक वर्षांतले आहेत.

त्याआधीचं थोडक्यात. मूळचा ऑटोपायलट, म्हणजे विमान आपलं आपण सावरणारं यंत्र, १९१४ साली पॅरिसजवळ सीन नदीवर जाहीरपणे दाखवलं गेलं. वैमानिकाने दोन्ही हात वर केले, मदतनीस पंखावर चालत गेला, तरी विमान स्थिर राहिलं. माणूसही असाच सवयीने चालतो, ही तक्रार याहून जुनी आहे. एका रशियन कादंबरीकाराने १८९७च्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की खोली आवरताना तो दिवाणापाशी आला आणि दिवाण आपण पुसला की नाही, हेच त्याला आठवेना. वीस वर्षांनी एका तरुण समीक्षकाने ही नोंद उचलली आणि सवय वस्तूंना गिळते, त्या पुन्हा दिसायला लावणं हे कलेचं काम, असा सिद्धान्त मांडला. आज असा लघुपट करणारा प्रत्येक जण, माहीत असो वा नसो, याच सिद्धान्ताच्या आधाराने बोलतो. मानसशास्त्र मात्र १८९०मध्येच उलट सांगून बसलं होतं: रोजच्या बारीकसारीक गोष्टी जितक्या सवयीच्या हवाली कराल, तितकं डोकं महत्त्वाच्या कामाला मोकळं. पडद्यावर या म्हणण्याला कधी फारसा भाव मिळाला नाही. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यापासून दूर झाल्यावरही पाना फिरवत राहणारे १९३६च्या विनोदपटातले हात सगळ्यांच्या लक्षात राहिले, आणि सवय म्हणजे कारखाना, हे समीकरण पक्कं झालं.

खरा वाद सुरू होतो तो १९७० च्या दशकात, आणि तो विषयाचा नाही, कात्रीचा, म्हणजे संकलनाचा आहे. रोजचं रटाळपण प्रेक्षकाला दाखवायचं कसं? कापून की न कापता?

१९७५ साली पंचविशीतल्या एका बेल्जियन दिग्दर्शिकेने न कापण्याची बाजू टोकाला नेली. एका विधवेच्या घरातले तीन दिवस, २०१ मिनिटं. ती बटाटे सोलते, अंथरूण आवरते, मुलाचे बूट पॉलिश करते, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ती भांडं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाते. ठेवायचं कुठे हे तिला सुचत नाही. बस, एवढंच घडतं, पण पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण पहिला दिवस आपण तिच्याबरोबर पुरता काढलेला असतो, कुठलं काम किती वेळ घेतं ते आपल्याही अंगवळणी पडलेलं असतं. २०२२ साली समीक्षकांच्या जागतिक कौलात हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर आला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पण दिनचर्येच्या चित्रणात त्याच्यापुढे कोणी गेलेलं नाही, हे नाकारणं अवघड आहे.

दुसरी बाजू १९७९च्या एका अमेरिकन संगीतपटातून आली. नृत्यदिग्दर्शक नायकाची सकाळ: कॅसेट सुरू, डोळ्यांत थेंब, गोळ्या, शॉवर, आरशासमोर एक ठरलेलं वाक्य. काही सेकंदांचे तुकडे, आणि तीच मालिका चित्रपटभर पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी अधिक थकलेली. २०००च्या सुमारास व्यसनावरच्या चित्रपटांनी ही रीत आणखी धारदार केली: अतिजवळचे शॉट, फुगवलेले आवाज, डोळ्याच्या बाहुलीचं मोठं होणं. आजच्या लघुपटांतला टूथब्रशचा खरखराट थेट तिथून आलेला आहे.

कापणाऱ्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. तंद्रीत केलेला प्रवास नंतर आठवत नाही. मग तो पडद्यावरूनही गाळणं हेच खरेपणाचं, असं ते म्हणतात. शिवाय हातात दहा मिनिटं असताना बटाटे सोलत बसणार कोण? पण अडचण अशी की झटपट तुकड्यांनी ‘हे रटाळ आहे’ एवढं कळतं, रटाळपण अनुभवाला येत नाही. उलट तालावर कापलेली सकाळ चांगली चटकदार दिसते. मग चौथ्या दिवशी काही बिघडलं तरी प्रेक्षकाचं काहीच मोडत नाही, कारण त्याचं काही बसलेलंच नसतं. यावर मधला मार्ग आहे. कॅमेऱ्याची जागा, भिंग, उंची रोज तीच ठेवायची आणि कट फक्त दिवसांच्या मध्ये घ्यायचा, म्हणजे मगाचा कान डावीकडे वळलेला दिसला तरी डोळ्याला खटकतं. कमी खर्चातही हे जमतं, कारण सगळे ‘दिवस’ बहुधा एकाच दुपारी, शर्ट बदलून उरकलेले असतात.

तरी पारडं झुकलं ते कापणाऱ्यांकडे, आणि त्याला तंत्रही कारणीभूत आहे. २००८ साली फोटोच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत व्हिडिओ आला. मोठ्या सेन्सरमुळे मागचं सगळं धूसर आणि पुढची एकच वस्तू लखलखीत, असं चित्र परवडणाऱ्या किमतीत मिळू लागलं. ब्रशचे दात, घड्याळाचा काटा, बटणाचं भोक यांना आयतं वैभव आलं. माणूस चौकटीबाहेर गेला तरी कोणाला चुकल्यासारखं वाटेना.

ॲनिमेशनने हा पेच केव्हाच वेगळ्या वाटेने सोडवला होता. १९८० च्या सुमाराच्या एका आठ मिनिटांच्या पोलिश लघुपटात एकच खोली आहे. चेंडू घ्यायला एक मुलगा खिडकीतून आत येतो, निघून जातो, पुन्हा येतो. मग दुसरं कोणी, तिसरं, असे ३६ जण आपापल्या आवर्तनात फिरू लागतात. कोणी कोणाला धडकत नाही, कोणी कोणाला पाहत नाही. कॅमेरा स्थिर, कट नाही, तरी लांबण नाही. याला ऑस्करही मिळालं. २००८ मधल्या अर्जेंटिनाच्या लघुपटात टेबल, खुर्ची, दिवा ही सगळी माणसंच. टॅक्सीऐवजी माणसाची पाठ. कामावर पोहोचलेला नायक शेवटी दारात आडवा होतो: तो पायपुसणं आहे.

म्हणजे इथे कोणी जागं होत नाही. नंतरच्या लघुपटांत मात्र जागं होणं जवळपास सक्तीचं झालं, आणि ते सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) लाटेचं देणं आहे. नैराश्य उलटू नये म्हणून आखलेल्या आणि २००२ साली पुस्तकरूपाने आलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राचा विषयच ‘ऑटोमॅटिक पायलट’ आहे. त्यात एकच मनुका निरखून, हुंगून, सावकाश खायची असते. वीज जाते, बस चुकते, एखादं मूल हसतं आणि नायकाला आकाश दिसतं, हे शेवट त्या मनुकेचेच भाऊबंद. सोबत दोन आकडे फिरतात. २००२च्या रोजनिशी-अभ्यासातले सुमारे ४३ टक्के सवयीचे वर्तन, आणि २०१०च्या फोनवरून केलेल्या पाहणीतला जवळपास ४७ टक्के वेळ मन भलतीकडे असणं. दोन्हींचं मोजमाप वेगळं आहे. सवयीने हात चालत असताना मन हजर असू शकतं, आणि अगदी नव्या कामातही ते भरकटू शकतं.

या फरकावर उभा असलेला चित्रपट २०२३ मध्ये आला. टोकियोतला स्वच्छतागृहं साफ करणारा माणूस रस्त्यावरच्या झाडूच्या आवाजाने उठतो, अंथरूण घडी करतो, रोपांना पाणी देतो, यंत्रातून कॉफीचा डबा घेतो. रोज हेच, आणि तो पुरता जागा असतो. मूळ प्रस्ताव या स्वच्छतागृहांवर छोट्या फिल्म्सची मालिका करण्याचा होता. जर्मन दिग्दर्शकाने त्याऐवजी सलग कथापट करायचं सुचवलं, आणि तो दोन तासांहून थोडा मोठा झाला.